नाममुद्रेचा लोप

वाङ्मयचौर्याचा विचार आपल्या साहित्यशास्त्राला नवा नाही. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसे'त शब्दहरण आणि अर्थहरण यांना स्वतंत्र अध्याय दिले. त्यातील 'प्रतिबिंबकल्प' ही हरणाची तऱ्हा त्याने त्याज्य ठरविली. तीत अर्थ सगळा दुसऱ्याचा असतो, केवळ वाक्यरचना निराळी. म्हणजे शब्द फिरवून घेण्याचे श्रम त्या हरणकर्त्यासही करावे लागत. फेसबुक व व्हॉट्सअ‍ॅप यांवर आज तेवढेही कष्ट उरलेले नाहीत. मजकूर बोटाने उचलावा आणि अखेरची नावाची ओळ पुसून टाकावी, की काम झाले.

पुष्कळदा उचलणारा आपले नाव घालीत नाही. 'साभार', 'संकलित' किंवा 'लेखक अज्ञात' एवढीच पाटी लावून तो मोकळा होतो. आभार कोणाचे, हे मात्र सांगितलेले नसते! ज्याचा शोध घेऊनही पत्ता लागला नाही, तो लेखक अज्ञात. येथे शोधच झालेला नसतो.

मौखिक परंपरेत या संकटावर एक तोड होती. 'तुका म्हणे', 'एका जनार्दनी' ही नाममुद्रा अभंगाच्या चरणातच गुंफलेली असे. ती काढली तर चरण मोडे. तथापि जी मुद्रा काढणे कठीण, ती दुसऱ्याच्या रचनेस मिळणे तितके कठीण नव्हते. विष्णुदास नामा या नंतरच्या कवीची रचना नामदेवांच्या गाथ्यात मिसळली आणि ती वेगळी काढताना अभ्यासकांस फार परिश्रम पडले.

हाच दुसरा प्रकार आज पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या वाट्यास आला आहे. पु. ल. १२ जून २००० रोजी गेले, व. पु. २००१ साली. व्हॉट्सअ‍ॅप २००९ मध्ये सुरू झाले. असे असूनही त्याच व्हॉट्सअ‍ॅपची थट्टा करणारे विनोद 'पु. लं.चे' म्हणून फिरतात. यात दोघांची हानी होते. खऱ्या लेखकाचे नाव जाते. आणि ज्याने पु. लं.चे एकही पुस्तक उघडलेले नाही, अशा विद्यार्थ्याच्या मनात त्यांच्या शैलीची भलतीच कल्पना रुजते. आम्हांस ही दुसरी हानी अधिक चिंतेची वाटते, कारण ती वर्गात येऊन पोहोचते.

कायद्याचे साहाय्य आहे, पण ते सर्वत्र सारखे पोचत नाही. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार लेखन सिद्ध होताच हक्क उत्पन्न होतो. नोंदणी अनिवार्य नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे राहतो. कलम ५७ त्याहून महत्त्वाचे. हक्क विकून टाकल्यावरही 'ही कृती माझी' असे म्हणण्याचा आणि तिच्या विकृतीस हरकत घेण्याचा अधिकार ते लेखकाजवळ ठेवते. २०१३ च्या नियमांप्रमाणे रीतसर लेखी तक्रार आल्यावर संकेतस्थळाच्या चालकाने ३६ तासांत तो मजकूर दिसेनासा करावयाचा असतो. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा दाखविण्यास चालक मोकळा होतो. एका कवितेसाठी इतकी यातायात कोण करणार?

शिवाय तक्रारीत मजकुराचे नेमके ठिकाण द्यावे लागते. फेसबुकवरील लेखाला तसा पत्ता असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरील निरोप २०१६ पासून कूटबद्ध असतात. पाठविणारा व घेणारा यांच्याखेरीज ते कंपनीसही वाचता येत नाहीत. शंभर गटांत फिरणाऱ्या कवितेचा पत्ता कोणता द्यावा? येथे कायद्याचा हात थिटा पडतो.

मग उरतो तो पुढे पाठविणारा, आणि त्यात आपण शिक्षकही आलो. शाळेच्या फलकावर किंवा परिपाठात असा उतारा येण्यापूर्वी तो कोणत्या पुस्तकात वा नियतकालिकात आहे, हे विचारता येते. पु. लं.चे म्हटले, तर त्यांची पुस्तके ग्रंथालयात आहेत. केशवसुत १९०५ मध्ये निवर्तले. त्यांची कविता आज कोणीही छापावी, परंतु ती केशवसुतांची म्हणूनच. आणि शोधूनही नाव न मिळाल्यास, 'नाव शोधले, मिळाले नाही' असे त्या उताऱ्याखाली लिहावे.