चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

जुलाबानें मूल दगावतें तें बहुधा शरीरांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. अमेरिकेच्या साहाय्यानें ढाक्यास १९६० सालीं पटकीची संशोधनशाळा निघाली. पटकीनें पिडलेल्या आंतड्यांतहि साखरेच्या सोबतीनें मीठ शोषलें जातें, व पाठोपाठ पाणी. १९६८ सालीं तेथील रोग्यांवर याची प्रचीति आली. १९७१ च्या युद्धांत सीमेलगतच्या बनगांव येथें निर्वासितांसाठीं शिरेंतून देण्याचें द्रव्य अपुरें पडलें, तेव्हां डॉ. दिलीप महलानबीस यांनीं हें पाणी तोंडावाटे पाजविलें. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० वरून ४ च्या आंत आलें.

परंतु पुड्या फुकट वांटल्या, त्या संपल्यावर काय? बांगलादेशांतील ब्रॅक या संस्थेनें १९८० पासून दहा वर्षें, स्वीडन-स्वित्झर्लंडादिकांचा पैसा घेऊन, शिकविणाऱ्या स्त्रिया घरोघर धाडल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एवढाच धडा, सुमारें १.२ कोटी घरांतून. शिकविणारीचा मेहनताना, कांहीं दिवसांनीं येणाऱ्या तपासनिसास आईनें काय सांगितलें, यावर ठरे. (शाळांतून ही रीत असती तर पुष्कळ मास्तर उपाशी राहते!)

तेथें १९९० सालीं हजारीं सुमारें १४५ बालकें पांच वर्षांच्या आंत दगावत. २०२० च्या सुमारास तीं ३० च्या आसपास आलीं. त्यांत लशींचा व स्त्रीशिक्षणाचाहि मोठा वांटा आहे. २०२५ सालीं अमेरिकेनें हात आंखडला व ढाक्याच्या त्या संस्थेंतील हजारांवर लोकांची नोकरी गेली. गुळाऐवजीं आतां तेथील आया बहुधा दुकानांतील स्वस्त पुडी वापरतात. ती देशांतच तयार होते.