नेत्रतज्ज्ञांना परदेशी प्रशिक्षण : नुसते पाहणे की हाताने शिकणे?

चांदूर बाजार : संत्र्याच्या बागेत काम करताना काटा किंवा पऱ्हाटीची काडी डोळ्याला लागणे ही या परिसरात किरकोळ बाब मानली जाते. मात्र त्या जखमेत बुरशीचा संसर्ग झाल्यास बुबुळावर व्रण होऊन दृष्टी कायमची जाऊ शकते. त्यामुळे नेत्रशास्त्रात एम.एस. किंवा डी.एन.बी. झालेला डॉक्टर परदेशातून काय शिकून येतो, हा प्रश्न केवळ त्याच्या करिअरचा राहत नाही.

परदेशी प्रशिक्षणाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. 'ऑब्झर्व्हरशिप'मध्ये तज्ज्ञांचे काम केवळ पाहता येते. रुग्णाला हात लावता येत नाही. 'क्लिनिकल फेलोशिप'मध्ये देखरेखीखाली रुग्ण तपासता येतात व शस्त्रक्रियाही करता येतात. त्यासाठी अर्थातच त्या देशाचा वैद्यकीय परवाना आवश्यक ठरतो.

कोठे काय मिळते?

ब्रिटनमध्ये 'मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह' योजनेखाली कमाल २४ महिने रुग्णालयात काम करून शिकता येते. नंतर मायदेशी परतणे अपेक्षित असते. अमेरिकेत प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणासाठी साधारणतः 'ईसीएफएमजी' प्रमाणपत्र लागते. 'जे-१' व्हिसावर असे प्रशिक्षण घेणाऱ्यांना सूट न मिळाल्यास २ वर्षे मायदेशी राहावे लागते. लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिनचा नेत्रआरोग्यविषयक एम.एस्सी. अभ्यासक्रम शस्त्रक्रिया शिकवत नाही. तालुका वा जिल्ह्याच्या पातळीवर नेत्रसेवेची आखणी कशी करावी, हे शिकवतो.

जगाचे पाय भारताकडे

मोतीबिंदूच्या बाबतीत तर प्रवाह उलटा आहे. लहान छेदातून, बहुधा टाक्यांविना होणारी शस्त्रक्रिया शिकण्यासाठी परदेशी डॉक्टर मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात येतात. या पद्धतीला फेकोचे महागडे यंत्र लागत नाही. पुण्यातील एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० रुग्णांवर झालेला तुलनात्मक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. चष्म्याविना दिसण्यात फेको काहीशी सरस ठरली. चष्मा लावल्यानंतरची दृष्टी मात्र दोन्ही पद्धतींत सारखीच चांगली आढळली.

बुबुळाच्या व्रणाबाबतही असेच घडले. अरविंद रुग्णालय आणि सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी ३२३ रुग्णांवर केलेल्या संयुक्त चाचणीत नव्या व्होरिकोनाझोलपेक्षा जुने नाटामायसिन हेच थेंब अधिक गुणकारी ठरले. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

निवड कशी करावी?

अर्ज करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करायला मिळतील काय, किती मिळतील आणि राहण्या-जेवणाचा खर्च कोण करणार. परदेशी जाणे शक्य नसल्यास ऑर्बिस संस्थेचा २००३ पासूनचा 'सायबरसाइट' उपक्रम इंटरनेटवर विनामूल्य अभ्यासक्रम व गुंतागुंतीच्या रुग्णांबाबत तज्ज्ञांचा सल्ला देतो.

भारी यंत्रावर शिकलेले कौशल्य ते यंत्र नसलेल्या गावी पडून राहते. व्रण वेळीच ओळखणे आणि लहान छेदाची शस्त्रक्रिया सफाईने करणे, ही कौशल्ये मात्र चांदूर बाजारसारख्या ठिकाणी पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतात.