न्यूटनचे दगडी घर

इंग्लंडच्या पूर्व भागात लिंकनशायर नावाचा परगणा आहे. तेथील वूल्सथॉर्प या खेड्यात फिकट दगडाचे एक जुने घर उभे आहे. त्याला ‘मॅनर’ म्हणतात. परंतु तो सरदाराचा वाडा नव्हे. मेंढ्या पाळणाऱ्या आणि धान्य पिकविणाऱ्या एका खाऊनपिऊन सुखी कुटुंबाचे ते १७ व्या शतकातील शेतघर आहे.

या भागात जमिनीखाली चुनखडीच्या दगडाचे जाड थर आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी ते साचले. असा दगड भिंगातून पाहिला, तर पुष्कळदा माशाच्या गाबोळीसारखे बारीक, गोल कण दिसतात. खाणीतून नुकताच काढलेला दगड ओलसर व मऊ असतो. तेव्हाच तो छिन्नीने घडवितात. पुढे सुकून तो टणक होतो. हाच दगड भट्टीत भाजला, की चुना मिळतो. अशा रीतीने भिंतीचे चिरे आणि ते सांधणारा चुना, दोन्ही गवंड्याला पायाखालीच सापडत.

खिडक्यांमध्ये उभे दगडी दांडे आहेत. ते केवळ शोभेचे नाहीत. खिडकीवरच्या दगडाचा भार ते तोलून धरतात. शिवाय त्या काळी काचेचे मोठे तावदान मिळत नसे. लहान लहान काचा शिशाच्या पट्ट्यांनी जोडीत. रुंद खिडकीचे असे अरुंद भाग पाडले, की त्या काचा नीट बसत.

याच घरात १६४२ साली आयझॅक न्यूटनचा जन्म झाला. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिजचे विद्यापीठ बंद पडले, तेव्हा तो येथेच परतला. त्या दिवसांत प्रकाशाच्या कोड्याने त्याला घेरले होते. खिडकीच्या झडपा लावून खोलीत अंधार करावा, एका बारीक छिद्रातून उन्हाचा किरण आत घ्यावा, तो काचेच्या लोलकावर पाडावा आणि समोरच्या भिंतीवर रंगांचा पट्टा न्याहाळावा, असा त्याचा प्रयोग असे. जाड भिंतींच्या घरात अंधार करणे काही अवघड नव्हते!

लहानपणी या मुलाला भिंतीवर चित्रे काढण्याची खोड होती. पुढे भिंतींवर कागद चिकटविले गेले व रेघोट्या झाकल्या गेल्या. १९२० नंतर भाडेकरूंनी जुने कागद सोलले, तेव्हा काही आकृत्या उघड्या पडल्या. २०१७ मध्ये संशोधकांनी निरनिराळ्या बाजूंनी प्रकाश टाकून भिंतीची छायाचित्रे घेतली. साध्या डोळ्यांना न दिसणारी एक आकृती चुलाण्याशेजारी उमटली. ती पवनचक्की होती.