उन्हाळी सहल : जलतरण तलाव की स्प्लॅश पॅड?

परीक्षा संपल्या की घरोघरी मुलांची एकच मागणी असते : पाण्यात खेळायला जायचे! गोराईचे 'वॉटर किंगडम' १९९८ साली, तर कोचीजवळील 'वीगालँड' (आताचे 'वंडरला') २००० साली सुरू झाले. अशा उद्यानांत तलावांच्या जोडीला आता स्प्लॅश पॅडही दिसू लागले आहेत. जमिनीतून उसळणारी कारंजी, डोक्यावर उपड्या होणाऱ्या बादल्या आणि पाणी साचणार नाही अशी फरसबंदी, असे त्याचे स्वरूप असते. मग कुटुंबाने निवड कशी करावी?

गुंतवणूक करताना आपण परताव्याआधी जोखीम पाहतो. तोच विवेक येथेही हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे तीन लाख लोक बुडून मरण पावले. त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. बुडणारे मूल बहुधा हाकही मारू शकत नाही. त्यामुळे लहानग्यांसाठी, पाणी न साचणारा स्प्लॅश पॅड निश्चितच उजवा ठरतो.

तथापि, त्याची जोखीम डोळ्यांना दिसत नाही. अनेक ठिकाणी मुलांच्या अंगावरून ओघळलेले पाणी टाकीत जमा होऊन पुन्हा कारंज्यांत येते. हवेत उडताना त्यातील क्लोरीन घटते आणि मुले ते पाणी सहज गिळतात. 'क्रिप्टोस्पोरिडियम' हा अतिसाराचा परजीवी तर योग्य क्लोरीनयुक्त पाण्यातही सात दिवसांहून अधिक तग धरतो. अमेरिकेत १९९७ ते २०२२ या काळात स्प्लॅश पॅडशी संबंधित साठ साथींची नोंद झाली. त्यांत दहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात नेऊ नये. खेळण्यापूर्वी अंघोळ घालावी, पाणी न गिळण्यास शिकवावे आणि तासातासाने शौचास न्यावे. पाण्याच्या शुद्धीकरणाविषयी व्यवस्थापनाकडे निःसंकोच चौकशी करावी. तलावावर जीवरक्षक असला, तरी घरातील एका मोठ्या व्यक्तीने, मोबाईल बाजूला ठेवून, केवळ मुलांकडेच पाहावे. हवा भरलेल्या ट्यूबवर विसंबू नये.

घरात तीन आणि दहा वर्षांची भावंडे असतील, तर दोन्ही सोयी असलेले ठिकाण निवडून मोठ्यांनी जबाबदारी वाटून घ्यावी. मात्र स्प्लॅश पॅडवर पोहणे शिकता येत नाही. साधारण चार वर्षांनंतर बहुतेक मुले त्या शिक्षणास तयार होतात. कारंज्यांचा आनंद दिवसभराचा. पोहण्याची विद्या मात्र जन्मभराची ठेव!