'फॅटी लिव्हर ग्रेड 1' लिहून आलं, मग पुढे काय?



बंदीत होड्या वर ओढल्या की आपली माणसं डॉक्टरकडे जातात. यंदा बऱ्याच घरांत सोनोग्राफीच्या रिपोर्टावर 'फॅटी लिव्हर' लिहून आलं. कुणाला सांगितलं, "काही नाही, तेलकट कमी खा." कुणाला "दारू सोडा" म्हणून सुनावलं, आणि तो बिचारा थेंबही घेत नाही! आम्ही काही डॉक्टर नव्हे, पण विचारपूस करून कळलं ते मांडतो.

पूर्वी दोनच प्रकार शिकवत, दारूमुळे आणि दारूशिवाय. 2023 साली जगभरच्या तज्ज्ञांनी नावं बदलली. ती गावातल्या प्रत्येक दवाखान्यात पोचलेली नाहीत, त्यात डॉक्टरांचा सगळा दोष नाही. लिव्हरवर चरबी आणि सोबत शुगर, बीपी, सुटलेलं पोट यांतलं एखादं असेल तर तो 'एमएएसएलडी'. हे असून दारूही बरीच असेल तर 'मेटएएलडी'. मुख्य कारण दारूच असेल तर तिसरा. आपल्यातले पुष्कळ जण मधल्या प्रकारात बसतील, असं आम्हाला वाटतं.

बरीच म्हणजे किती? कडक दारूच्या 60 मिलीच्या पेगात साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल असतं. पुरुषाचं रोजचं सरासरी 30 ग्रॅमच्या वर, बाईचं 20 च्या वर गेलं की मधला प्रकार. याचा अर्थ दीड पेग चालतो असा कुणी काढू नये! आणि डॉक्टरला खरा आकडा सांगा. बायको बाजूला बसली म्हणून अर्धा सांगितला तर प्रकारच चुकतो.

आता मुख्य गोष्ट. ग्रेड चरबी किती ते सांगते, लिव्हर किती कडक झालं ते नाही. त्यासाठी 'फिब-4' नावाचा हिशोब आहे, जादा खर्च नाही. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागायचं. समजा वय 55, एसजीओटी 40, एसजीपीटी 36, प्लेटलेट 1 लाख 60 हजार. म्हणजे 2200 भागिले 960, उत्तर 2.29. रिपोर्टावर यातला एकही आकडा लाल नसेल, तरी 1.3 च्या वर गेलं की पुढची तपासणी, म्हणजे फायब्रोस्कॅन, विचारायला हवी. 65 च्या वरच्यांना ही मर्यादा 2 धरतात. 2.67 च्या वर असेल तर लिव्हरच्या तज्ज्ञाकडेच जा.

चरबी उतरते, हे खरं. 80 किलोच्या माणसाने 4 किलो कमी केले तरी फरक पडतो, सूज उतरायला 6 ते 8 लागतात. मासळी सोडायची गरज नाही, तळणीऐवजी कढीत घाला. ट्रॉलरवर गोड थंड पेयांच्या बाटल्या भरून नेतो, त्या मात्र आधी बंद करा.

दवाखान्यात "माझा फिब-4 किती?" एवढं विचारा. हिशोब जमत नसेल तर रक्ताचा रिपोर्ट घेऊन कार्यालयात या, एकत्र बसून काढू.