हेमंतातील गर्भगृह आणि आजचे बंद घर

मार्गशीर्ष लागला की वर्ध्यात सायंकाळी अंगावर शाल येते. दुपारी ऊन असते. परंतु निरभ्र आकाशामुळे रात्री पारा झपाट्याने उतरतो. संधिवात व श्वासाचे रुग्ण वाढतात आणि ऋतुचर्येसोबत घर उबदार कसे ठेवावे, अशी विचारणाही आम्हांस होते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात हेमंतासाठी अभ्यंग, उष्ण भूमिगृह व गर्भगृह यांचा निर्देश आहे. वाग्भटांनी अष्टांगहृदयात अंगारांनी तापविलेल्या गर्भगृहाचाही उल्लेख केला आहे. गर्भगृह म्हणजे घराच्या पोटातील, बाहेरचा वारा न लागणारी खोली. आपल्या जुन्या घरांतील माजघर तेच. १९३६ साली गांधीजी सेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, राहावयास आले. तेथील बापूकुटीत माती, बांबू व कौले वापरलेली आहेत. जाड मातीची भिंत दिवसाची ऊब साठवून रात्री सावकाश सोडते, तर कौलांच्या फटींतून धूर बाहेर जातो. अंगारांचा शेक अशा घरांत बऱ्याच अंशी निभावत असे.

आजचे घर तसे नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका बाळंतिणीस शेक-शेगडी सांगितली. घर नवे, स्लॅबचे. खिडक्या घट्ट मिटलेल्या. पहाटे निरोप आला की बाळंतीण व तिची आई दोघींनाही शिरःशूल, भ्रम व उलट्या होत आहेत. प्रथम आम्ही पित्तप्रकोप समजलो. दोघींना एकाच वेळी एकच लक्षणे कशी, हा प्रश्न पडला तेव्हा शेगडीकडे लक्ष गेले. बाळासह तिघांना मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात प्राणवायू देण्यात आला व सर्व बचावले. चूक आमची होती. आम्ही शेगडी सांगितली, खिडकी सांगितली नाही.

कोळसा वा गोवरी अपुऱ्या हवेत जळाली की कार्बन मोनॉक्साइड वायू फार तयार होतो. त्यास रंग नाही, गंध नाही. बोटास लावावयाचा साधा ऑक्सिमीटरही अशा वेळी आकडा चांगला दाखवितो. त्यावर विसंबू नये. स्नानगृहातील गॅस गिझरबाबतही हीच दक्षता हवी.

मग ऊब कशी राखावी? दक्षिणेच्या खिडक्या दिवसा उघडून ऊन आत घ्यावे, सूर्यास्तापूर्वी मिटून जाड पडदे सोडावेत. दाराखालच्या फटीस कापडाची गुंडाळी लावावी, जमिनीवर सतरंजी अंथरावी. झोपण्यासाठी आतली खोली निवडावी. २००० वॅटचा हीटर तासाभरात २ युनिट वीज घेतो; त्यापेक्षा खोलीऐवजी शरीर उबदार ठेवणे स्वस्त व शास्त्रसंमत आहे. तीळतेलाचा अभ्यंग, व्यायाम, उष्णोदक व गोधडी यांनी बरेच साधते. तेल थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यातील वाटीत कोमट करावे. शेक द्यावयाचाच तर निखारे बाहेर फुलवून, दार-खिडकी उघडी ठेवून थोडाच वेळ द्यावा आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर न्यावी.

औषधालय चालकांनी धूपन द्रव्यांच्या पुडीवर ही सूचना छापावी, अशी आमची विनंती आहे. आम्ही स्वतः आता शेकाचा सल्ला देण्यापूर्वी बाळंतिणीची खोली पाहून येतो.