स्पॅनिश क्रियापदांचे काळ व अर्थ

स्पॅनिश क्रियापदांचे काळ व अर्थ म्हणजे स्पॅनिश भाषेत क्रियापदाच्या रूपावरून क्रियेची वेळ, तिची पूर्णता किंवा अपूर्णता आणि बोलणाऱ्याची तिच्याविषयीची भूमिका दाखवणारी व्याकरणिक व्यवस्था होय. येथे ‘अर्थ’ ही संज्ञा मराठी व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ या शब्दांत जशी येते तशी वापरली आहे. इंग्लिश भाषकांना स्पॅनिश शिकताना रूपांची मोठी संख्या प्रथम खटकते. खरी अडचण मात्र दोन भेदांची असते: साधा व अपूर्ण भूतकाळ यांतील भेद आणि स्वार्थ व सब्जंक्टिव्ह यांतील भेद. इंग्लिशमध्ये हे भेद बहुतांशी संदर्भावर सोडलेले असतात. स्पॅनिशमध्ये रूप चुकले की वाक्याचा आशय बदलतो. इंग्लिशच्या माध्यमातून स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी भाषकांनाही हीच अडचण येते, जरी यांतील काही भेद मराठीत स्पष्टपणे आढळतात.

या लेखात स्पॅनिश शब्द लॅटिन अमेरिकेतील उच्चारांना अनुसरून लिहिले आहेत.

## रूपांची रचना

स्पॅनिश क्रियापदांचे मूळ रूप ‘आर’, ‘एर’ किंवा ‘इर’ या प्रत्ययाने संपते. उदाहरणार्थ, आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे), बिबिर (राहणे, जगणे). इंग्लिशमधील नियमित क्रियापदाला ‘टॉक, टॉक्स, टॉक्ड, टॉकिंग’ अशी चारच रूपे असतात आणि बाकीचे काम साहाय्यक क्रियापदे करतात. स्पॅनिश क्रियापदाची साधी, म्हणजे साहाय्यक क्रियापदाविना होणारी रूपेच सुमारे ५० असतात. प्रत्ययावरून पुरुष व वचन कळत असल्यामुळे कर्ता असलेले सर्वनाम बहुधा गाळले जाते.

| पुरुष | वर्तमान (स्वार्थ) | साधा भूत | अपूर्ण भूत | वर्तमान (सब्जंक्टिव्ह) |
|---|---|---|---|---|
| मी | आब्लो | आब्ले | आब्लाबा | आब्ले |
| तू | आब्लास | आब्लास्ते | आब्लाबास | आब्लेस |
| तो, ती, आपण | आब्ला | आब्लो | आब्लाबा | आब्ले |
| आम्ही | आब्लामोस | आब्लामोस | आब्लाबामोस | आब्लेमोस |
| तुम्ही (स्पेन) | आब्लाइस | आब्लास्तेइस | आब्लाबाइस | आब्लेइस |
| ते, त्या, तुम्ही | आब्लान | आब्लारोन | आब्लाबान | आब्लेन |

देवनागरीत सारखी दिसणारी काही रूपे आघातामुळे वेगळी होतात. पहिल्या अक्षरावर आघात दिल्यास ‘आब्लो’ म्हणजे ‘मी बोलतो’. शेवटच्या अक्षरावर दिल्यास ‘तो बोलला’. ‘आब्ले’ या रूपातही शेवटचा आघात ‘मी बोललो’ असे सांगतो, तर पहिल्या अक्षरावरील आघात सब्जंक्टिव्हचा असतो. म्हणूनच स्पॅनिश लेखनात आघातचिन्ह अनिवार्य असते. ‘आब्लामोस’ मात्र वर्तमान व साधा भूत या दोन्ही काळांत सर्वार्थाने एकच आहे; तेथे संदर्भच निर्णय करतो.

मराठीत ‘मी आंबा खाल्ला’ व ‘मी पोळी खाल्ली’ असे कर्मानुसार क्रियापद बदलते. स्पॅनिशमध्ये क्रियापद नेहमी कर्त्याच्या पुरुष-वचनानुसार चालते आणि त्याच्या काळवाचक रूपांत लिंगभेद नसतो. वरील दोन्ही वाक्यांत ‘कोमी’ हेच रूप येते.

## वर्गीकरण

स्पॅनिश भाषेची शाही अकादमी १७१३ मध्ये स्थापन झाली. तिच्या २००९ मध्ये प्रकाशित झालेल्या व्याकरणात स्वार्थाचे १०, सब्जंक्टिव्हचे ६ व आज्ञार्थाचे १ असे एकूण १७ काळ मानले आहेत. संकेतार्थी रूपे (आब्लारिआ, ‘बोललो असतो’) पूर्वी स्वतंत्र अर्थ समजली जात. आता ती स्वार्थात मोडतात. काराकास येथे जन्मलेले व्याकरणकार आंद्रेस बेयो यांनी १८४७ मध्ये चिलीत प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात काळांना त्यांच्या परस्परसंबंधांवरून नावे दिली. अपूर्ण भूतकाळाला त्यांनी ‘सहभूत’ या अर्थाचे, तर संकेतार्थाला ‘भूतोत्तर’ या अर्थाचे नाव दिले. मेक्सिकोच्या शालेय व्याकरणात ही नावे आजही वापरली जातात.

## वर्तमान व भविष्य

स्पॅनिश वर्तमानकाळाची व्याप्ती इंग्लिशपेक्षा मोठी आहे. ‘मी पाच वर्षांपासून येथे राहतो’ या वाक्यात इंग्लिशला पूर्ण वर्तमानकाळ लागतो. स्पॅनिशमध्ये मराठीप्रमाणेच साधा वर्तमानकाळ चालतो (बिबो आकी देस्दे आसे सिंको आन्योस). याउलट, ‘मी उद्या निघतो आहे’ असे भविष्यातील बेताविषयी सांगताना इंग्लिशप्रमाणे अपूर्ण वर्तमानकाळ योजता येत नाही. ‘साल्गो मान्याना’ असा साधा वर्तमानकाळच वापरावा लागतो.

भविष्यकाळाची रूपे मूळ क्रियापदाला ‘आबेर’ या साहाय्यक क्रियापदाची वर्तमानकाळी रूपे जोडून तयार झाली. बोलीत त्यांच्याऐवजी ‘बोय आ आब्लार’ (मी बोलणार आहे) ही रचना अधिक आढळते. भविष्यकाळाचे रूप वर्तमानाविषयीचा तर्कही दाखवते. ‘सेरान लास दिएस’ म्हणजे ‘दहा वाजले असतील’. मराठी ‘असतील’ हे रूप असेच काम करते. इंग्लिशमध्ये मात्र ‘मस्ट’सारखे साहाय्यक क्रियापद येते.

## भूतकाळातील भेद

साधा भूतकाळ (प्रेतेरितो) क्रियेकडे आरंभ-शेवट असलेली एक पूर्ण घटना म्हणून पाहतो. अपूर्ण भूतकाळ (इम्पेर्फेक्तो) तिच्याकडे आतून पाहतो. तेथे क्रिया चालू असते, सवयीची असते किंवा पार्श्वभूमी म्हणून येते. ‘लेइआ कुआन्दो सोनो एल तेलेफोनो’ (मी वाचत होतो तेव्हा टेलिफोन वाजला) या वाक्यात दोन्ही काळ एकत्र आले आहेत. मराठीतील ‘वाचत होतो’ व ‘वाचत असे’ या दोन्ही रूपांसाठी स्पॅनिशमध्ये ‘लेइआ’ हे एकच रूप पुरते.

क्रिया किती काळ चालली यावर ही निवड अवलंबून नसते. ‘बिबी सिंको आन्योस एन सेबिया’ (मी सेव्हियात पाच वर्षे राहिलो) येथे काळ दीर्घ असूनही साधा भूतकाळ येतो, कारण मर्यादा सांगितली आहे. ‘बिबिआ एन सेबिया’ (मी सेव्हियात राहत होतो) येथे मर्यादा नाही. दीर्घ क्रिया म्हणजे अपूर्ण भूतकाळ, हा इंग्लिश भाषकांचा समज अनेक चुकांचे मूळ आहे.

काही क्रियापदांत या निवडीने भाषांतरातील शब्दच बदलतो:

* साबेर: साबिआ – माहीत होते; सुपे – कळले.
* कोनोसेर: कोनोसिआ – ओळखत होतो, कोनोसी – ओळख झाली.
* पोदेर: पोदिआ – करू शकत होतो, पुदे – करता आले.
* केरेर: नो केरिआ – इच्छा नव्हती, नो किसे – नकार दिला.

इंग्लिश ‘वुड’ भूतकाळातील सवयही दाखवते आणि संकेतही. स्पॅनिशमध्ये पहिल्यासाठी अपूर्ण भूतकाळ (इबा, ‘जात असे’) व दुसऱ्यासाठी संकेतार्थ (इरिआ, ‘गेलो असतो’) असा स्पष्ट विभाग आहे. अपूर्ण भूतकाळात सेर (असणे), इर (जाणे) व बेर (पाहणे) ही तीनच क्रियापदे अनियमित आहेत. साध्या भूतकाळात अनियमित क्रियापदे पुष्कळ असून सेर व इर यांची रूपे तर एकसारखीच आहेत: ‘फुई’ म्हणजे ‘मी होतो’ किंवा ‘मी गेलो’.

## सब्जंक्टिव्ह

स्वार्थात बोलणारा एखादी गोष्ट स्वतःच्या जबाबदारीवर विधान म्हणून मांडतो. सब्जंक्टिव्हमध्ये तो तसे विधान करत नाही. इच्छा, शंका, भावना, अपेक्षा किंवा अद्याप न घडलेली घटना यांच्या चौकटीत तिचा उल्लेख करतो. ‘क्रेओ के बिएने’ म्हणजे ‘तो येतो असे मला वाटते’, तर ‘नो क्रेओ के बेंगा’ म्हणजे ‘तो येईल असे मला वाटत नाही’. दुसऱ्या वाक्यात येण्याचे विधान नसल्यामुळे क्रियापद बदलते.

सब्जंक्टिव्ह म्हणजे केवळ अनिश्चितता, अशी व्याख्या अपुरी ठरते. ‘मे आलेग्रो दे के एस्तेस आकी’ (तू येथे आहेस याचा मला आनंद आहे) यातील उपस्थिती निश्चित आहे. तरीही सब्जंक्टिव्ह येतो, कारण वाक्याचे मुख्य विधान आनंदाचे आहे.

‘किएरो के बेंगास’ हे वाक्य इंग्लिशमध्ये मूळ क्रियापद वापरून सांगितले जाते, म्हणून इंग्लिश भाषक येथे अडखळतो. ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ हा मराठी विध्यर्थ स्पॅनिश रचनेच्या बराच जवळ आहे.

निवडीचा परिणाम पुढील जोड्यांत दिसतो:

* बुस्को आ उन एम्प्लेआदो के आब्ला इंग्लेस: इंग्लिश बोलणारा एक ठरावीक कर्मचारी मी शोधत आहे.
* बुस्को उन एम्प्लेआदो के आब्ले इंग्लेस: इंग्लिश बोलू शकेल असा कोणीतरी कर्मचारी मला हवा आहे.
* आउंके युएबे, साल्द्रे: पाऊस पडत आहे, तरी मी बाहेर जाईन.
* आउंके युएबा, साल्द्रे: पाऊस पडला तरी मी बाहेर जाईन.

भविष्यातील घटनेविषयी ‘कुआन्दो’ (जेव्हा) नंतर सब्जंक्टिव्ह येतो: ‘कुआन्दो बेंगा हुआन’ म्हणजे ‘हुआन आला की’. ‘सि’ (जर) नंतर मात्र वर्तमान सब्जंक्टिव्ह येत नाही. शक्य असलेल्या अटीसाठी स्वार्थी वर्तमानकाळ (सि तेंगो दिनेरो) आणि काल्पनिक अटीसाठी भूत सब्जंक्टिव्ह व संकेतार्थ यांची जोडी लागते: ‘सि तुबिएरा दिनेरो, कोम्प्रारिआ ला कासा’ (पैसे असते तर घर घेतले असते). भूत सब्जंक्टिव्हची ‘रा’ व ‘से’ अशी दोन पर्यायी रूपे आहेत (आब्लारा, आब्लासे). ‘रा’ रूप अधिक प्रचलित आहे. भविष्य सब्जंक्टिव्ह आज मुख्यतः कायद्याच्या भाषेत व म्हणींत उरला आहे. गोव्यात शिकवल्या जाणाऱ्या पोर्तुगीज भाषेत मात्र तो अद्याप जिवंत आहे.

## आज्ञार्थ

होकारार्थी आज्ञेसाठी ‘तू’चे स्वतंत्र रूप आहे (आब्ला, ‘बोल’). नकारार्थी आज्ञा आणि आदरार्थी आज्ञा सब्जंक्टिव्हच्या रूपांनी होतात: ‘नो आब्लेस’ (बोलू नकोस), ‘आब्ले’ (बोलावे).

## प्रादेशिक भेद

स्पेनच्या बहुतेक भागांत आज घडलेल्या गोष्टीसाठी पूर्ण वर्तमानकाळ (ए कोमिदो, ‘मी जेवलो आहे’) योजतात. लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत त्याच ठिकाणी साधा भूतकाळ (कोमी) येतो. अनेकवचनी ‘तुम्ही’साठी अनौपचारिक प्रसंगी स्पेनमध्ये ‘बोसोत्रोस’ व त्याची स्वतंत्र रूपे वापरतात. अमेरिकेत सर्वत्र ‘उस्तेदेस’ चालते. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘बोस’ हे सर्वनाम रूढ असून त्याच्या वर्तमानकाळी रूपात आघात शेवटच्या अक्षरावर जातो.